उत्तरदाता क्रमांक तीन

समाजशास्त्रात पुढे शिकायचं असेल तर गुण, प्रवेश परीक्षा, कागदपत्रं वगैरे गोष्टी नंतर येतात. आधी एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं लागतं: "हे करून पुढं काय?" माझ्या भाचीनं बी.ए. झाल्यावर समाजशास्त्रातच एम.ए. करायचं जाहीर केलं. त्या आठवड्यात हा प्रश्न तिला आई-वडिलांनी, आजीनं, दूधवाल्यानं, स्कूटीचं पंक्चर काढणाऱ्यानं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारला. डॉक्टरांनी तर दोन्ही डोळ्यांत औषध घालून, तिला आता पळता येणार नाही याची खात्री करून विचारला.

इंजिनिअरला हे कुणी विचारत नाही. तो चार वर्षं शिकून घरी बसला तरी "सध्या मार्केट डाऊन आहे" असा खुलासा त्याच्या वतीनं शेजारीच करतात. समाजशास्त्रवाल्यासाठी मार्केटच्या माथी कुणी काही मारत नाही.

दाजी, म्हणजे तिचे वडील, कृषी खात्यात होते. त्यांनी फक्त "कामून?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता आंघोळीला गेले. पण पुढच्याच रविवारी बीड बायपासवरच्या एका लॉन्सवर लग्न होतं. तिथं पंगतीत कुणीतरी मुलीचं विचारल्यावर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "यूपीएससीची तयारी करायली. समाजशास्त्र ऑप्शनल घेतलंय." ऑप्शनल म्हणून हा विषय यूपीएससीवाल्यांचा लाडका आहे हे खरंच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. जिलबी वाढणाऱ्यानंही आदरानं दोन जास्त टाकल्या. तेव्हापासून नातेवाइकांत ती होणारी कलेक्टर आहे आणि एका मावसभावानं तिच्याकडे जमिनीच्या फेरफाराचा अर्जसुद्धा देऊन ठेवला आहे.

मी बँकेत असतो. त्यामुळे आमच्या खानदानातले सगळे फॉर्म भरायचा वंशपरंपरागत हक्क माझ्याकडे आहे. मी लगेच एक्सेल शीट उघडली. उभ्या रकान्यात विद्यापीठं. आडव्यात फी, अंतर, रँकिंग, हॉस्टेल. ताईनं त्यात "मेसमध्ये भाकरी मिळते का" हा रकाना घालायला लावला. आजीनं, म्हणजे दाजींच्या आईनं, "जवळ देवस्थान कोणतं" हा घालायला लावला. भाचीनं भीत भीत सुचवलं, "मामा, तिथले प्राध्यापक कशावर काम करतात, तोही एक रकाना ठेवा ना." मी म्हटलं, "बाळा, शीट किती रुंद करायची त्यालाही मर्यादा असते."

दाजींचं मन वळवायला तिनं विषयाचा इतिहास काढला. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि पहिले प्रमुख नेमले गेले ते पॅट्रिक गेडिस, मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. दाजींनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे सुरुवात आमच्याच लाइनच्या माणसानं केली म्हण की!" पुढं १९२४ पासून विभाग सांभाळला तो मालवणच्या घुर्यांनी, ते मूळचे संस्कृतचे एम.ए. एक झाडांचा, एक संस्कृतचा. दाजींना विषय एकदम आपला वाटू लागला. आता निवृत्तीनंतर आपणही तो शिकवायला हरकत नाही, असं ते दोनदा म्हणाले. मग भाचीनं इरावती कर्व्यांचं नाव घेतलं. घुर्यांच्या विद्यार्थिनी; बर्लिनला जाऊन माणसांच्या कवट्या मोजून त्यावर १९३० साली डॉक्टरेट मिळवली; पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आयुष्य काढलं. आजी वाती वळता वळता ऐकत होत्या. म्हणाल्या, "डोकी मोजायला बाहेर कशाला जायला पाहिजे? घरातलीच मोज. एखादं ठिकाणावर निघालं तर सांग."

मग कौटुंबिक छाननी सुरू झाली. टाटा इन्स्टिट्यूट. "कुठंय?" "देवनारला." दाजींचा चेहरा पडला. "देवनारला? तिथं तर बकरी ईदला आपल्याकडून बकऱ्यांच्या गाड्या जातात!" देवनारला कत्तलखान्याखेरीज काही असू शकतं हे मराठवाड्याच्या पशुधन-विभागाला पटवणं अवघड आहे. त्याच संस्थेचं केंद्र तुळजापूरलाही आहे असं मी शीटमध्ये पाहून सांगितलं मात्र, आजींनी हात जोडले आणि निकाल लावून टाकला. भाची म्हणाली, "आजी, तिथं भर ग्रामविकासावर आणि सोशल वर्कवर आहे, समाजशास्त्र नाही." आजी म्हणाल्या, "समाजाचंच काम ना ते? मग?" या दोहोंतला फरक समजावून सांगताना पुढं एका प्राध्यापकांनाही घाम फुटलेला मी पाहिला आहे, त्यामुळे आजींना दोष नाही.

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं नाव ऐकून दाजी खूश झाले. नावात इकॉनॉमिक्स आहे म्हटल्यावर मुलगी निदान बँकेत तरी लागेल. तिथला समाजशास्त्र विभाग १९५९ साली एम. एन. श्रीनिवास यांनी उभा केला, हे भाचीनं सांगितलं. कर्नाटकातल्या एका खेड्यात राहून या माणसानं टिपणं काढली, अठरा वर्षं ती लिहून-सुधारून तयार केली, आणि १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना त्यांच्या कचेरीला कुणी आग लावली. तिन्ही प्रती जळाल्या. मग त्यांनी सगळं गाव आठवून आठवून लिहिलं आणि ते पुस्तक जगभर गाजलं. भाचीचे डोळे हे सांगताना चमकत होते. माझ्यातला बँकवाला मात्र अस्वस्थ झाला. "तिन्ही प्रती एकाच ठिकाणी? एक लॉकरला ठेवायला काय झालं होतं?"

जेएनयूचं नाव निघाल्यावर दाजींनी टीव्हीकडे नुसतं बोट दाखवलं. टीव्ही बंद होता, पण अर्थ पोहोचला. मी त्यांना फी सांगितली. तिथं शिकवणीची फी वर्षाला काही शे रुपये आहे. ते आणखीच बिथरले. "एवढ्यात तर इथं ज्युनिअर केजीचं दप्तर येत नाही. काय शिकवत असतील?" मग मी इंग्लंडमधल्या एका वर्षाच्या एम.ए.चा आकडा सांगितला: फक्त फीच पंचवीस-तीस लाखांच्या घरात. दाजी गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "तिथं चांगलं शिकवत असतील हो." आणि अमेरिकेत पीएच.डी.ला बरीच विद्यापीठं फी माफ करून वर महिन्याला खर्चायला पैसे देतात, हे सांगितल्यावर त्यांनी सरळ हात झटकले. "शिकायचे पैसे तेच देणार? पाहुणे, ही फसवणुकीची केस आहे. बँकेत असून तुम्हाला कळंना व्हय?"

पुण्याबद्दल मात्र वादच नव्हता. मराठवाड्यातून पुण्याला कुणी शिकायला जात नाही. पोरं वयात आली की आपोआप तिकडं सरकतात. प्रत्येकाचा कुणी ना कुणी तिथं सदाशिव पेठेत खोली करून एमपीएससीचा अभ्यास करत असतो आणि दर दिवाळीला वाघोलीच्या ट्रॅफिकमधून फोन करून सांगतो, की फराळ झाकून ठेवा. सगळ्यांनी एकमुखानं पुणं सुचवलं, आणि भाचीनं नेमकं त्याच कारणानं नको म्हटलं. "मामा, तिथं आपली निम्मी गल्ली आधीच आहे. मी अभ्यास कुणाचा करू?"

खरा पेच आमच्या घरच्या विद्यापीठाचा होता. विद्यापीठ आमच्याच शहरात, मागं बुद्धलेण्यांचा डोंगर, जवळच सोनेरी महाल, समाजशास्त्राचा विभाग आहे, स्कूटीनं दहा मिनिटं, डबा घरचा. "इथं काय वाईट आहे?" असं जो येईल तो विचारायचा आणि यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. भाचीकडेही नव्हतं. ती फक्त म्हणायची, "वाईट काहीच नाही. पण दहा मिनिटांवर आहे." मुलीनं घरापासून किती मिनिटांवर शिकावं म्हणजे ते शिक्षण ठरतं, याचा रकाना माझ्या शीटमध्ये नव्हता.

आणि माझ्या मनात तर अमेरिकेतलं कोलंबिया विद्यापीठ होतं. बाहेरच्या माणसाला हे मोठेपणाचं वाटेल, पण या शहरात कोलंबिया हे नाव परकं नाही. बाबासाहेबांनी १९५० साली इथं मिलिंद कॉलेज सुरू केलं. नागसेनवनातल्या चहाच्या टपरीवर उभं राहून कोलंबिया म्हणा. कुणीतरी ग्लास खाली ठेवून सांगेल, की १९१३ साली बाबासाहेब तिथं गेले आणि ९ मे १९१६ रोजी तिथल्या सेमिनारात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. मी भाचीला तेच सांगितलं. ती म्हणाली, "मामा, ते मला माहीत आहे. पण माझी बी.ए. तीन वर्षांची आहे आणि तिकडं बऱ्याच ठिकाणी सोळा वर्षांचं शिक्षण मागतात." मी पंधरा आणि सोळा यांत एकच वर्षाचा फरक आहे, हे बँकेच्या भाषेत 'राऊंड ऑफ' करता येईल का, असं एका विद्यापीठाला मेल करून विचारलं. उत्तर आलं, पण ते मला नव्हतं.

ते दाजींना होतं. त्याचं असं झालं. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. भाचीनं चौकशीच्या फॉर्मवर नाव तसंच्या तसं उतरवलं. परदेशी संगणकानं शेवटचा शब्द आडनाव समजून उचलला, आणि इंग्लंडातून अत्यंत अदबीची पत्रं दाजींच्या नावानं येऊ लागली. मेलही त्यांचाच दिलेला होता. पहिल्या पत्रात समाजशास्त्रातल्या तुमच्या आवडीबद्दल आनंद व्यक्त केला होता. दुसऱ्यात आमच्या कॅम्पसवर तुम्हाला पाहायला आम्ही उत्सुक आहोत, असं होतं. बत्तीस वर्षं नोकरी करून दाजींना पाहायला कुणी उत्सुक आहे, असं कृषी आयुक्तालयातून एकदाही कळवलं गेलं नव्हतं. ते बदलले. सकाळी फिरायला जाताना कॉलरचा शर्ट घालू लागले. "बोलवायलेत मला," असं त्यांनी कॉलनीतल्या दोघांना सांगितलंही. तिसऱ्या पत्रात वसतिगृहात खोली एकट्याला हवी की दोघांत, असं विचारलं होतं. दाजींनी ताईकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि मला म्हणाले, "एकट्याला बरी राहील."

त्यांचा हा विद्यार्थिदशेचा काळ फीचा हप्ता कळवणाऱ्या चौथ्या पत्रापर्यंत टिकला.

देशातल्या फॉर्मांचे निराळे हाल. जन्मस्थळ निवडा. दाखल्यावर औरंगाबाद, डोमिसाइलवर छत्रपती संभाजीनगर. यादीत नवं नाव सापडेना, म्हणून जुनं निवडलं, तर राज्याच्या रकान्यात आपोआप बिहार आलं. तिकडंही एक औरंगाबाद जिल्हा आहे. नेट कॅफेवाला म्हणाला, "मामू, बिहारच रहने दो. सर्वर पे लोड आरा." मी नाही म्हटलं. त्यानं खुर्ची मागं ढकलून माझ्याकडे निवांत पाहिलं. "पढना दिल्ली में हय, पैदा किधर हुए उससे क्या करते?" समाजशास्त्रात हा प्रश्न फार मोठा समजला जातो असं भाची नंतर म्हणाली.

दुसऱ्या एका पोर्टलवर विद्यापीठाच्या नावाची चौकट इतकी लहान, की 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा' इथंच ती भरायची. मी सहज म्हटलं, "थोडं कापून टाक, कळतं त्यांना." भाचीनं मान वर केली. १९७८ साली नामांतराचा ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ उजाडायला लागला विद्यापीठाला ते नाव मिळायला. "सोळा वर्षं लागली मामा, आणि काय काय सोसलं लोकांनी. मी एक अक्षर कापणार नाही. त्यांना म्हणावं चौकट मोठी करा." तिनं तसा मेल केला. गंमत म्हणजे त्यांनी चौकट मोठी केली. या सगळ्या प्रकरणात एखाद्या संगणकानं माणसाचं ऐकल्याची ही एवढीच नोंद आहे.

शिफारसपत्रांचं काय सांगावं? एक सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." आपल्याच तोंडानं आपली स्तुती तिला जमेना, म्हणून ती मी लिहिली. सरांनी वाचली. "एवढी हुशार आहे का ही?" मग विचारात पडून म्हणाले, "असेल." दुसऱ्या सरांना पोर्टलवर खूण करायची होती: ही विद्यार्थिनी तुम्ही पाहिलेल्यांत वरच्या एक टक्क्यात आहे, पाच, दहा की पंचवीस? सरांचा तिच्यावर जीव. त्यांनी पंचवीसवर खूण केली. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "एकदम एक टक्का कसं म्हणायचं? दृष्ट लागते लेकराला."

राहता राहिलं ते 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', म्हणजे हे का शिकायचं ते दीड-दोन पानांत सांगा. माझा मसुदा तयार होता. त्यात राष्ट्र, समाज, ऋण आणि लहानपणापासून हे शब्द होते. भाचीनं तो बाजूला ठेवला आणि आमच्या गल्लीतल्या नळावर लिहायला घेतलं.

आमच्या शहराला पन्नासेक किलोमीटरवर पैठणचा नाथसागर आहे आणि नळाला पाणी काही दिवसांआड येतं. कधी येतं हे लाइनमनला माहीत. लाइनमन कुणाला सांगतो, तो पुढे कुणाला सांगतो, यावर आमच्या गल्लीचं सगळं राजकारण चालतं. भाचीनं ते नीट उतरवून काढलं होतं. लाइनमनचा फोन पहिल्यांदा समोरच्या काकांना येतो, कारण दर दिवाळीला ते त्याला फराळ आणि पाकीट देतात. काका तीन घरांना सांगतात. ती तीन घरं आपापल्या भाऊबंदांना. भाडेकरूंना मोटारींचा आवाज ऐकून कळतं. पाणी आलं, की एकेक घर नळाला मोटार लावतं. मग शेवटच्या घराच्या नळातून नुसती हवा येते आणि त्या घरची आजी दारात येऊन सगळ्या गल्लीचं नाव न घेता सगळ्या गल्लीला बोलते. धुणीभांडी करणाऱ्या मावशींची सुट्टी कुठल्या सणावर नाही, त्यांच्या वस्तीतल्या पाण्याच्या दिवसावर ठरते. रात्री दोनला पाणी आलं तर भरायला घरातलं कोण उठतं, हेही तिनं घराघरानुसार लिहिलं होतं. बहुतेक ठिकाणी सून. एका ठिकाणी, "बँकेत नोकरीला असलेले एक गृहस्थ उठतात, मोटार लावतात आणि पत्नीला उठवून पुन्हा झोपतात."

मी म्हटलं, "हे कसलं समाजशास्त्र? हे तर सगळं आपल्याला माहीतच आहे."

"हो ना मामा," ती म्हणाली, आणि लिहीत राहिली.

गल्लीत बातमी फुटली. भाची दिल्लीला पाण्याबद्दल लिहून पाठवायली म्हटल्यावर शेवटच्या घरच्या आजींना वाटलं तक्रार अर्जच आहे. त्यांनी सही करायला पेन आणला. दोन घरांनी त्या रात्री मोटारी पोत्याखाली झाकल्या. समोरचे काका स्वतः आले. बराच वेळ हवापाण्यावर बोलले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझं नाव घालू नको हं बेटा." ती म्हणाली, "नाही काका, कुणाचंच नाव नाहीये." काका उठले, दारापर्यंत गेले, परत आले. "पण लाइनमनचा पहिला फोन मलाच येतो, हे आहे ना त्यात?"

"आहे काका."

"मग त्यावरून लोक ओळखतीलच की," काका समाधानानं म्हणाले आणि गेले.

प्रवेश परीक्षा झाली. समाजाविषयीचे प्रश्न आणि प्रत्येकाला चार पर्याय, त्यांतला एकच बरोबर. जिथं घरात चहा की कॉफी यावर चारांचे पाच पर्याय निघतात तिथून गेलेल्या मुलीला हे जड गेलं असावं, पण गुण चांगले पडले. तीन ठिकाणी नाव लागलं: दिल्ली, पुणे आणि हैदराबाद. एक्सेलनं तिन्हींना जवळजवळ सारखे गुण दिले. मग मी भाकरीच्या रकान्याचं वजन वाढवून पाहिलं, तर पुणं वर आलं. देवस्थानाचं वाढवलं, तर तुळजापूर, जिथं अर्जच केला नव्हता.

भाचीनं शांतपणे हैदराबाद म्हटलं. तिथं ज्या विषयावर काम चालतं ते तिला हवं होतं. ते कारण तिनं सांगितलं आणि आम्ही ऐकलं नाही, कारण प्रत्येकाला स्वतःचं कारण सापडलं होतं. दाजी म्हणाले, अजिंठा एक्स्प्रेसनं रात्री बसलं की सकाळी उतरायचं, बदली नाही. ताई म्हणाली, ज्वारी मिळते. मला बिर्याणी आठवली, पण मी रँकिंगचं कारण दिलं. आजी तर पदर सावरून बसल्या. "हैदराबाद काय परकं आहे? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपलं सगळं तिथूनच चालायचं. माझे सासरे उस्मानियाला उर्दूतून शिकले. तिथं शिकून आले आणि जन्मभर घरात कुणाशी बोलले नाहीत. चांगलं शिक्षण आहे तिथलं."

ती गेली. पहिल्याच सत्रात तिला अभ्यासाला विषय मिळाला: कुटुंबात निर्णय कसे होतात. तिनं आम्हालाच घेतलं. बोलावणं नाही, पाहणं नाही. एक दिवस प्रत्येकाच्या नावानं मराठीत छापलेलं संमतीपत्र आलं. मी या संशोधनात स्वखुशीनं सहभागी होत आहे, माझी ओळख गुप्त ठेवली जाईल, मला केव्हाही माघार घेता येईल. नावांऐवजी क्रमांक होते. आजी उत्तरदाता क्रमांक एक, दाजी दोन. मी तीन: "पुरुष, वय पन्नाशीच्या पुढे, निर्णयप्रक्रियेत स्वतःहून सहभागी." सगळे फॉर्म भरले मी, पोर्टलशी भांडलो मी, आणि क्रमांक तीन. दाजींना फोन केला तर ते म्हणाले, "पाहुणे, मुलाखत माझीही झालेली नाही, पण मला वाटतं वरच्या एक टक्क्यात घेतलंय मला." समोरच्या काकांना संमतीपत्र आलं नव्हतं. ते दोनदा येऊन विचारून गेले, की टपाल कुठं गहाळ तर झालं नसेल ना.

आजींनी मात्र चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. सही करण्याआधी पेन मागितला आणि खाली मोकळ्या जागेत स्वतःच्या अक्षरात एक अट घातली: "सुनेबद्दल बोललेलं लिहू नये." मग ते पत्र साक्षीदाराच्या सहीसाठी ताईपुढं सरकवलं.